माशांच्या विणीला कायदा, ढिवराच्या चुलीला काय?

जून महिना लागला की वर्तमानपत्रांत एक बातमी न चुकता छापून येते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी. त्यासोबत किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांचे छायाचित्र येते आणि पापलेट-सुरमईचे भाव कडाडणार म्हणून शहरातला खवय्या मध्यमवर्ग हळहळतो. ही बंदी योग्य आहे, ती पाळलीही पाहिजे. पण महाराष्ट्राला समुद्र आहे तशा नद्याही आहेत, आणि पूर्व विदर्भात तर गावागणिक तलाव आणि बोड्या आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील ढिवर, केवट, कहार, भोई यांच्या ताटात पापलेट येत नाही. त्यांचा मासा म्हणजे मरळ, शिंगी, मागूर, वाम, रोहू आणि कटला. त्यांची मासेमारी कधी बंद होते, कोणत्या पाण्यात बंद होते, कोणाच्या हुकुमाने बंद होते आणि बंद असताना ते काय खातात, याची बातमी कोणी छापत नाही. वकिलीच्या निमित्ताने हा प्रश्न आमच्या टेबलावर आला, म्हणून आज तो वाचकांपुढे ठेवतो आहोत.

वैनगंगा आणि बावनथडी या दोन्ही नद्या काही अंतर महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांची हद्द होऊन वाहतात. यांपैकी एका नदीच्या आपल्या काठावरील गावचा एक ढिवर आमच्याकडे आला. वय पन्नाशीच्या पुढे. जुलै महिन्यात त्याने डोंगा घेऊन पलीकडच्या काठाला जाळे टाकले होते. पाण्यात रेघ मारलेली नव्हती आणि काठावर पाटीही नव्हती. पथक आले, त्याला पकडले, जाळे आणि डोंगा जप्त झाला. मध्य प्रदेशात १९७२ च्या नदीय मत्स्योद्योग नियमांनुसार १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंदीचा काळ धरतात. या काळात मासे पकडायचे नाहीत, इतकेच नव्हे तर विकायचेही नाहीत आणि वाहून न्यायचेही नाहीत. म्हणजे नवऱ्याच्या जाळ्याबरोबर बायकोची टोपलीही गुन्ह्यात येते. नदी-नाल्याशी संबंध नसलेले छोटे तलाव तेवढे यातून वगळलेले आहेत. आम्ही पाहिलेल्या आदेशांत वर्षभरापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड असा इशारा छापलेला होता.

तो खटला काय चालणार? एका तारखेला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, बसचे भाडे जाते, वर आणखी खर्च. तीन तारखांचा खर्च दंडापेक्षा मोठा. तिथल्या एका वकीलमित्राला बरोबर घेऊन आम्ही गेलो, तेव्हा आमच्या पक्षकाराने आमचे ऐकण्याआधीच गुन्हा कबूल करून टाकला होता. गरीब माणूस आपल्या देशात गुन्हा कबूल करतो तो पश्चात्तापाने नव्हे, हिशेबाने! दंड भरून बाहेर आल्यावर त्याने एकच वाक्य विचारले, "दंड भरला साहेब, पण जाळं?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. जप्त मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर परत मिळण्यासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४५१ व ४५७ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९७ व ५०३ आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच बजावले आहे की मुद्देमाल ठाण्यात कुजत ठेवू नका. हा निकाल ट्रकमालकांच्या वकिलांना तोंडपाठ असतो. जाळ्यासाठी तो कोण वापरतो? आमचा अर्ज मंजूर होईपर्यंत बंदीचा काळ संपून गेला. गळक्या छपराच्या खोलीतून जाळे बाहेर आले तेव्हा उंदरांनी त्याला खिडक्या पाडल्या होत्या. ते जाळे व्यापाऱ्याच्या आगाऊ पैशातून घेतलेले होते. आता नवे जाळे घ्यायचे तर पुन्हा त्याच व्यापाऱ्याकडे जायचे, आणि मग दोन हंगाम मासा त्याच्याच भावाने त्यालाच द्यायचा. न्यायालयाने ठोठावलेला दंड त्या दिवशीच फिटला. व्यापाऱ्याचा दंड अजून चालू आहे.

मग आम्ही बंदीच्या विरोधात आहोत काय? मुळीच नाही. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नदी फुगते, गढूळ पाणी काठावरच्या उथळ कुरणात शिरते, तेव्हा मादी तिथे जाऊन लाखांनी अंडी टाकते. त्या आठ-दहा दिवसांत एक पोटुशी मादी मारली तर किती माशांचे घर बुडाले याचा हिशेब करता येत नाही. मरळीचे तर आणखी निराळे. तिची पिल्ले पाण्यावर लालसर पुंजक्याने फिरतात आणि आईबाप त्यांची राखण करतात. राखणीला उभ्या असलेल्या माशाला पकडणे सोपे असते, म्हणूनच ते करू नये. कोकणात पहिल्या पावसाला ओढ्या-शेतांतून चढणीचे मासे, वळगणीचे मासे म्हणून पोरेठोरे, बाप्ये कंदील घेऊन निघतात. त्या रात्रीची मजा आम्हालाही ठाऊक आहे आणि माशाच्या पोटात काय असते तेही ठाऊक आहे. मजेखातर चढणीचा मासा मारणारा बहुतेक वेळा मासेमार नसतोच, तो सुट्टीवर आलेला चाकरमानी असतो. त्याला कोणी पकडत नाही.

आता तलावांचे पाहा. १९५७ साली १० जुलैला ओडिशातील अंगूल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाला पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावले आणि तेव्हापासून नदीतून बीज गोळा करण्यावाचून चालू लागले. आज तलावात सोडतात ती बोटुकली बव्हंशी केंद्रातून आलेली असते. म्हणजे नदीतल्या माशाचा विणीचा हंगाम जपणे ही एक गोष्ट, आणि बंदिस्त तलावात विकत आणून सोडलेला मासा काढणे ही निराळी गोष्ट. नियम करणाऱ्याने हा फरक ओळखला पाहिजे. मध्य प्रदेशच्या नियमात तो ओळखलेला दिसतो, एवढे श्रेय आम्ही देतो.

पण मासा काय फक्त जाळ्याने मरतो? नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हान नदीत, कन्हानमधून वैनगंगेत आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली, २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. त्या पाण्यावर जगणाऱ्या मासेमाराने बंदी पाळून पाळून काय साधायचे, जर विणीच्या पाण्यात शहराची घाण येत असेल? धरणाने पूर अडवला तर काठावरचे कुरण बुडत नाही, आणि कुरण बुडाले नाही तर मादी अंडी कुठे घालणार? नदीतली रेती उपसून नेणारे ट्रॅक्टर सगळ्यांना दिसतात. यातल्या कोणाचे यंत्र त्या गळक्या खोलीत उंदरांच्या हवाली झालेले आम्ही अजून पाहिले नाही. उलट २०२४ साली संसदेने १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात दुरुस्ती करून अनेक तरतुदींतील तुरुंगवास काढला आणि तिथे पैशाची शास्ती ठेवली. ही दुरुस्ती प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. इतर राज्यांनी ठराव करून ती स्वीकारायची आहे. पाणी नासवणाऱ्याचा तुरुंग गेला आणि जाळेवाल्याचा राहिला, हे कोणते शास्त्र?

बंदीचा हंगाम ही काही इंग्रजांची देणगी नाही. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यानंतर, चातुर्मासाच्या तीन पौर्णिमा आणि तिष्य पौर्णिमा यांच्या वेळी तीन-तीन दिवस, तसेच प्रत्येक उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत व विकू नयेत असा आदेश कोरलेला आहे. त्याच लेखात केवटभोग असा शब्द आहे. केवटांची राखीव जलक्षेत्रे असा त्याचा अर्थ लावतात, आणि त्या दिवशी तिथले इतर प्राणीही मारू नयेत असे सांगितले आहे. हे दिवस धम्माच्या तिथीचे होते, माशाच्या विणीचे म्हणून नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमचे काही मित्र अशोकाला आजचा पर्यावरणवादी करून टाकतात, ते आम्हाला पटत नाही. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, बंदीचे दिवस मोजके होते आणि ते लोकांच्या भाषेत, लोकांच्या वाटेवर, दगडावर लिहून उभे केले होते. आमच्या पक्षकाराच्या नदीकाठी साधी पत्र्याची पाटीसुद्धा नव्हती! दुसरी, केवटांचे पाणी म्हणून राज्याला ठाऊक असलेले पाणी तेव्हा होते. आज महाराष्ट्रात केवट, ढिवर, कहार भोई समाजासोबत भटक्या जमाती ब च्या यादीत आहेत. यादीत नाव आहे, पाण्यावर नाव नाही.

इंग्रजांचा कायदा आला १८९७ साली. भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम म्हणून तो ओळखला जातो. त्यामागे दोन प्रकारची माणसे होती. फ्रान्सिस डे यांच्यासारखे अधिकारी, ज्यांनी १८७३ साली गोड्या पाण्यातील माशांचा अहवाल लिहिला, आणि गळ टाकून महाशीर पकडण्याचा शौक असलेले साहेब लोक. कायद्याने सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारण्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवला. हे ठीकच होते. सुरुंगाने मासा मरतो, पिल्लू मरते आणि कधी कधी लावणाऱ्याचा हातही जातो. सहाव्या कलमाने सरकारला नियम करण्याचा अधिकार दिला. बांध घालू नये, अमुक आसाचेच, म्हणजे अमुक मापाच्या घरांचेच जाळे वापरावे, आणि एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी साफ बंद करावी, असे ते नियम. पण खासगी पाण्याला हे नियम लावायचे तर मालकाची लेखी संमती हवी! मालकाला विचारायचे आणि जो छातीभर पाण्यात उभा राहतो त्याला विचारायचे नाही. या कायद्याची घडण ध्यानात घेतली म्हणजे पुढचे सगळे समजते.

स्वातंत्र्यानंतर संविधानाने मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यसूचीत, २१ व्या नोंदीत टाकला. महाराष्ट्राने १९६० चा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. समुद्रासाठी १९८१ चा वेगळा कायदा आला. गोड्या पाण्याचे मात्र तुकडे झाले. काही या अधिनियमात, काही तलावाच्या ठेक्याच्या अटीत, काही वन्यजीव कायद्यात, काही जलसंपदा खात्याच्या फाइलीत. कोणत्या पाण्याला कोणता नियम, हे विचारायला गेलेल्या ढिवराला एक खाते दुसऱ्याकडे पाठवते.

पूर्व विदर्भातल्या मामा तलावांची, म्हणजे माजी मालगुजारी तलावांची गोष्ट तर प्रत्येक वकिलाने अभ्यासावी अशी आहे. हा मुलूख मध्य प्रांतात होता. गावाचा मालगुजार तलावाचाही मालक. मासे कोणी धरायचे, किती वाटा मालगुजाराला द्यायचा, हे ठरलेले असे आणि गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये रिवाज नोंदवलेले असत. बाबासाहेबांनी कोकणातील खोतीविरुद्ध १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, त्या खोतीची ही पूर्वेकडची चुलत बहीण म्हणा. मालगुजारी गेली ती १९५० च्या कायद्याने, १९५१ साली. गावाच्या वापरातले बहुतेक तलाव सरकारजमा झाले. लोकांना वाटले, आपले झाले.

आता कायद्याची गंमत पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १६५. यात वाजिब-उल-अर्ज ठेवण्याची तरतूद आहे आणि त्यात मासेमारीच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. पण कोणत्या पाण्यातील? जे पाणी सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीचे वा ताब्यातले नाही, त्या पाण्यातील! लगेच पुढच्या कलम १६६ मध्ये सरकारी तलावातील मासेमारीचे नियमन करण्याचा अधिकार सरकारकडे. म्हणजे तलाव मालगुजाराचा होता तोवर ढिवराचा रिवाज कागदावर चढण्याजोगा होता. तलाव सरकारचा झाला आणि रिवाजाची जागा ठेक्याने घेतली. ठेका सहसा पाच वर्षांचा, त्याची रक्कम हेक्टरावर. ३० जून २०१७ च्या शासन निर्णयाने ठेक्याचे दर ठरवले तेव्हा मच्छीमार संस्था रस्त्यावर उतरल्या होत्या, त्या काही हौसेने नव्हेत. ज्या तलावावर आजोबाने रिवाजाने जाळे टाकले, त्या तलावावर नातू ठेका भरून भाडेकरू झाला. आणि संस्थेकडे रक्कम नसली की संस्थेच्या नावामागे कोणाचा तरी पैसा उभा राहतो. पाटी ढिवरांची, मासा ठेकेदाराचा. हे चित्र आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मासे धरण्याचा हक्क ही किरकोळ बाब नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच सांगून ठेवले आहे. आनंद बेहरा विरुद्ध ओडिशा राज्य. चिल्का सरोवरात मासे धरण्याचे परवाने काही लोकांनी परिकुदच्या राजाकडून पैसे भरून घेतले होते. जमीनदारी गेली, सरोवर सरकारचे झाले. न्यायालयाने म्हटले की दुसऱ्याच्या पाण्यातून मासे धरून नेण्याचा हक्क ही स्थावर मालमत्ता आहे, म्हणून शंभर रुपयांवरचा असा व्यवहार तोंडी चालत नाही, नोंदणीकृत दस्तच हवा. दस्त नव्हता, अर्ज फेटाळला. १९७७ साली बिहारमधील गंगेच्या जलकराच्या प्रकरणातही हेच तत्त्व पुन्हा सांगितले गेले. वाचकांनी यातले दोन अर्थ एकदम लक्षात घ्यावेत. हक्क शेतजमिनीइतका भक्कम आहे, आणि तो सिद्ध करायला कागद मात्र शेतजमिनीइतकाच लागतो. ज्यांच्या सात पिढ्यांनी दस्त पाहिला नाही त्यांच्याजवळ मालमत्ता आहे पण पुरावा नाही.

इथे आम्हाला महाडचा खटला आठवतो, आणि तो आठवणे इथे अस्थानी नाही, कारण तोही एका तळ्यावरच्या रिवाजाचा खटला होता. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब प्याले. पुढे स्पृश्यांनी दावा लावला की तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याचा आमचा अनादी काळापासूनचा रिवाज आहे. दहा वर्षे दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या निकालाने, तो रिवाज अनादी असल्याचे सिद्ध होत नाही असे ठरवले. म्हणजे रिवाज सिद्ध करण्याचे ओझे वगळणाऱ्यावर होते, आणि ते त्यांना पेलले नाही. सत्याग्रहाची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे, पण पुराव्याचे ओझे कोणावर हा त्या खटल्यातील कळीचा मुद्दा आमच्या तरुण वकिलांनी पुन्हा वाचावा. आज तलावाच्या काठी ते ओझे उलटे झाले आहे. वगळणाऱ्या खात्याला काहीच सिद्ध करावे लागत नाही. जाळेवाल्याने आपण कोण, कधीपासून, कोणत्या हक्काने, हे सिद्ध करायचे.

याचे ठळक उदाहरण आमच्या नागपूर जिल्ह्याच्या वेशीवर आहे. पेंच नदीवरील तोतलाडोह जलाशय मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या सीमेवर, दोन्हीकडच्या पेंच राष्ट्रीय उद्यानांच्या मध्ये पसरला आहे. मध्य प्रदेश सरकारने उद्यानाच्या क्षेत्रात पूर्वी राहणाऱ्या आदिवासींना मासेमारीचे ३०५ परवाने दिले. एका पर्यावरणवादी संस्थेने ते आव्हानित केले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. जंगल जपलेच पाहिजे, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्यांच्या पोटाचाही विचार झाला पाहिजे, अशा आशयाचे मत देऊन अटी घातल्या. छायाचित्र असलेले ओळखपत्र, ये-जा करण्याचा ठरलेला मार्ग, तपासणी नाके, काठावर चूल पेटवायची नाही, पाण्यात प्लास्टिक टाकायचे नाही. अटी कडक आहेत, काही आम्हाला जाचक वाटतात. तरी न्यायालयाने माणूस आणि मासा दोन्ही एकाच निकालात बसवले, हे महत्त्वाचे. महाराष्ट्राच्या बाजूला त्याच जलाशयावर बंदी, चोरटी मासेमारी, पाठलाग आणि जप्ती हे वर्षानुवर्षे चालत आले. पाणी एकच आहे.

मार्ग नाही असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये जलाशयातील मासे व इतर उत्पन्न यांवरचा सामुदायिक हक्क नावानिशी लिहिलेला आहे. वनक्षेत्रातील तलाव, नाले, नदीचा डोह, सगळे यात बसू शकते. आदिवासींसाठी अट सोपी आहे. ढिवर-केवट मात्र इतर पारंपरिक वननिवासी ठरतात, आणि त्यांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवायची आहे. ७५ वर्षे! इथेच पुष्कळ जण कागद नाही म्हणून घरी बसतात. पण याच कायद्याच्या नियम १३ मध्ये दावेदार सोडून इतर वयोवृद्धांचे लेखी घेतलेले जबाब हा पुरावा म्हणून मान्य आहे. ही तरतूद गावोगाव सांगितली गेली नाही. ग्रामसेवकाला ती ठाऊक नसते, आणि ठाऊक असली तरी तो सांगत नाही. अकराव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय पाचव्या क्रमांकाला आहे, अनुसूचित क्षेत्रात लहान जलाशयांचे व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवावे असे १९९६ चा पेसा कायदा म्हणतो. म्हणजे बंदीच्या तारखा, बंदीचे डोह, जाळ्याचा आस हे गावाने ठरवायला कायद्याची आडकाठी नाही. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव भागात ढिवर महिलांनी तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी मासा परत येऊ लागला. त्यांना हंगाम कळत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आता पैशाचे. बंदीच्या किंवा मंदीच्या काळासाठी केंद्राची बचत-सह-मदत अशी एक योजना आहे, २०२० पासून ती प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत आली. मच्छीमाराने वर्षभरात १५०० रुपये भरायचे, सरकार ३००० घालणार, आणि तीन महिने दरमहा १५०० परत मिळणार. दिवसाला पन्नास रुपये, एका कुटुंबाला, आणि त्यातले सोळा-सतरा रुपये त्याचेच! शिवाय लाभार्थी व्हायला नोंदणीकृत, क्रियाशील मच्छीमार ठरावे लागते. नोंदणी संस्थेमार्फत, संस्था ज्याच्या हातात त्याच्या मर्जीने. मासे विकणारी बाई, झिंगे वेचणारी बाई क्रियाशील नाही काय? आमच्या समाजातील भूमिहीन कुटुंबेही अनेक गावांत तलावावर गाळपेर आणि मासे यांवर जगतात. त्यांची नावे संस्थेच्या यादीत नसतात. हे पाणी आमच्याच जातीचे असे म्हणणाऱ्या काही संस्थाचालकांशी आमचा यावरून वाद झाला आहे आणि पुढेही होईल. जो पाण्यात उतरतो त्याचा हक्क आधी, मग त्याची जात कोणतीही असो. सरकारला माशाची वीण देशाची संपत्ती वाटत असेल, आणि ती आहेच, तर तिच्या राखणीची किमान मजुरी बंदीच्या प्रत्येक दिवसाला द्यावी. रोजगार हमीचे दर ठरवता येतात तर हेही ठरवता येते.

सध्या आम्ही एवढेच करतो आहोत. आमच्या त्या पक्षकाराच्या गावच्या हद्दीत जंगल आहे, जंगलात तलाव आणि नदीला मिळणारे नाले आहेत. गेल्या हिवाळ्यात तिथे सामुदायिक दाव्यासाठी ग्रामसभा झाली. नाझर कार्यालयातून जुन्या वाजिब-उल-अर्जची नक्कल मागितली आहे, ती अजून आलेली नाही. वयोवृद्धांचे जबाब मात्र घेतले. सत्तरी कधीच ओलांडलेल्या एका आजीने सांगितले की पहिल्या पुराला मासा कोणत्या नाल्याने वर चढतो, आणि तिचा सासरा त्या नाल्याच्या तोंडाशी बसून पोळ्याच्या आसपासपर्यंत कोणाला जाळे का टाकू देत नसे. ग्रामसेवकाने पेन थांबवून विचारले, "हेही लिहायचं का?" आम्ही म्हटले, हे आधी लिहा. आजीने अंगठा दिला. दावा उपविभागीय समितीकडे गेला आहे.